सहीचे मत

मराठीत ‘मत’ या एकाच शब्दावर आपण दोन कामे टाकली आहेत. चावडीवर बसून माणूस सांगतो ते त्याचे मत, आणि मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत जाऊन देतो तेही मत. शब्द एक, पण दोहोंचा स्वभाव अगदी उलटा. मतपेटीतले मत गुप्त राहिले तरच खरे. मतपत्रिकेवर कुणी सही केली तर ती बाद होत असे. मांडलेल्या मताचे तसे नाही. ते कुणाचे हे कळले नाही तर त्याला उत्तर देता येत नाही, त्याचा जाब विचारता येत नाही, आणि ज्याला उत्तर देता येत नाही ते मत म्हणजे कुजबुज. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत, म्हणजे इंग्रजी अमलातल्या जुन्या सातारा जिल्ह्यात आणि त्याला खेटून असलेल्या संस्थानी मुलखात, या सहीच्या मताचे सव्वाशे वर्षांत काय झाले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी कोरेगावचा. भीमेकाठचे कोरेगाव नव्हे. साताऱ्याच्या पूर्वेचे, घेवड्याचे कोरेगाव. पुणे ओलांडले की हा खुलासा आम्हाला करावाच लागतो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून रविवारी आणि रजेच्या दिवशी जुने कागद पाहण्याची सवय लागली, ती सुटली नाही. आमच्या तालुक्याला एक गोष्ट लवकर मिळाली, ती म्हणजे रेल्वे. पुणे-मिरज मार्गावरची वाठार, कोरेगाव आणि रहिमतपूर ही तिन्ही स्थानके आमच्याच तालुक्यात. महाबळेश्वरला जाणारे साहेबलोक वाठारला उतरत, आणि त्याच गाडीने टपालाच्या पिशवीतून पुण्याची वर्तमानपत्रेही येत. एकाने वाचायचे आणि दहा-वीस जणांनी ऐकायचे, अशी ती वाचनाची रीत होती. त्यामुळे जुन्या पत्रांचा खप पाहून त्यांच्या वजनाचा अंदाज बांधू नये. शंभर अंक म्हणजे शंभर वाचक, हा हिशेब शहराचा.

खपाचे आकडे मिळतात कुठे, तर सरकारी कागदात. मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार करून घेत असे. पत्राचे नाव, गाव, खप, संपादकाचे नाव, पुढेपुढे त्याची जात आणि वयसुद्धा त्यात नोंदलेले असे. या छोट्या पत्रांचा सर्वांत निष्ठावंत वाचक सरकारच होते. वर्गणीदार वर्गणी बुडवत; सरकार एकही अंक बुडवत नसे. ज्या पत्रांची मूळ पाने आज वाळवीच्या पोटात आहेत, त्यांचा मजकूर या पाळतीमुळेच इंग्रजी भाषांतरात वाचला. आमच्या भागाचा बोलका इतिहास पोलिसी नजरेने जपून ठेवावा, हे थोडे विचित्रच आहे.

याच पाळतीत १८९७ साली इस्लामपूरचे एक पत्र सापडले. त्याचे नाव ‘प्रतोद’. प्रतोद म्हणजे चाबूक. ज्या गावाला रेल्वे नाही (आजही नाही), तिथून निघणाऱ्या या पत्राने लेख लिहिला होता कॅनडावर. कॅनडातील लोक स्वतंत्र होण्याची तयारी कशी करत आहेत, असा त्याचा आशय. इस्लामपुरात बसून कॅनडाची उठाठेव कशाला, असे कुणालाही वाटेल. पण ते वर्ष आठवावे. दुष्काळ, प्लेग, पुण्यात रँडशाही, आणि त्यातच राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा थाटमाट. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. सप्टेंबरात टिळकांना ‘केसरी’तील मजकुराबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. अशा काळात आपल्या सरकारविषयी थेट लिहिणे म्हणजे हात पोळून घेणे; म्हणून माणूस कॅनडाविषयी लिहितो. वाचणाऱ्याला कळायचे ते कळते. सरकारलाही कळले.

साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने ‘प्रतोद’च्या संपादकाला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली. पत्राचा मालकही शिक्षेतून सुटला नाही. एका लेखासाठी काळे पाणी! हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पूर्णपीठापुढे गेले. पीठावर मुख्य न्यायाधीश फॅरन, न्या. पार्सन्स आणि न्या. महादेव गोविंद रानडे. प्रश्न एका शब्दाचा होता. राजद्रोहाच्या १२४-अ कलमात सरकारविषयी ‘अप्रीती’ निर्माण करणे हा गुन्हा म्हटला होता. टिळकांच्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितले होते की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. हा अर्थ धरला तर सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक लेखक गुन्हेगार ठरतो. ‘प्रतोद’च्या निकालात या अर्थाला मुरड बसली. रानड्यांनी लिहिले त्याचा आशय असा की, नुसता प्रेमाचा अभाव म्हणजे अप्रीती नव्हे. सत्तेला धाब्यावर बसवणारी, राजनिष्ठेच्या विरोधात जाणारी ठाम भावना तिच्यात असावी लागते. दोषी ठरणे टळले नाही, पण शिक्षा पुष्कळच खाली आल्या. सरकारने पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलम दुरुस्त करून आपल्या सोयीचे करून घेतले ती गोष्ट निराळी.

टिळकांच्या खटल्यावर मराठीत कपाटभर लेखन आहे. ‘प्रतोद’वर फारसे कुणी थांबत नाही. माझ्या मते आमच्या भागाच्या राजकीय इतिहासात या खटल्याचे महत्त्व अधिक आहे, कारण तिथे लोकमान्य नव्हते. तालुक्याच्या गावातला एक माणूस होता, आणि पत्रावर त्याचे नाव होते. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण असणे सक्तीचे केले होते. सही हे त्या काळी धाडसाचे लक्षण नव्हते, कायद्याची अटच होती. पण ती अट पाळून लिहीत राहणे हे धाडस होते. आणि या माणसांपैकी बहुतेकांना मताचा अधिकार नव्हता. जिल्ह्याच्या कारभारात त्यांना विचारतो कोण? पेटीतले मत येण्याच्या कितीतरी आधी सहीचे मत आले, ते असे.

*

मात्र ही सही करू शकणारी माणसे कोण होती? इस्लामपूर असो की सातारा, छापखान्यापर्यंत पोचणारे लोक बहुतांशी ब्राह्मण होते. बाकीच्यांचे मत छापायचे कुणी? जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण. आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातले. त्यांच्या सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची, आणि त्या विचाराचे ‘दीनबंधु’ हे पत्र कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढले १८७७ मध्ये. पुढे भालेकरांचेच चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केले, आणि ते नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यात छापखाना नेऊन अनेक दशके चालवले. तरवडीला टाइपाचे खिळे जुळवणारे हात शेतात राबणाऱ्यांचे होते, ही गोष्ट मला ‘दीनमित्र’च्या कोणत्याही अग्रलेखाइतकीच महत्त्वाची वाटते. १९१९ मध्ये पुण्याहून श्रीपतराव शिंद्यांचे ‘विजयी मराठा’ निघू लागले. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. पैसे मोजण्याची तयारी असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. आंबेडकरांचे शालेय शिक्षण ज्या साताऱ्यात सुरू झाले, त्या साताऱ्यात त्या काळी ‘केसरी’ वाचला जात होताच. म्हणजे एका समाजाला सही केल्याबद्दल तुरुंग, आणि दुसऱ्याला सही करायला कागदच नाही.

ज्यांना कागद नव्हता त्यांनी फड उभा केला. सत्यशोधक जलसा हे सातारा जिल्ह्याचे खरे वर्तमानपत्र. तमाशाचाच घाट, ढोलकी-तुणतुणे तेच, पण गणात गणपतीच्या जागी सत्याला वंदन, गौळणीच्या जागी पुरोहिताशी झडणारे सवाल-जवाब, आणि वगात सावकार, कुलकर्णी, कोर्टाचा वकील. लग्न पुरोहिताशिवाय लावा, पोर शाळेत घाला, न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवू नका, हा त्यातला उपदेश. शेवटचा उपदेश तर सरळ सहीविषयीचाच आहे. सावकाराच्या दस्तावर उमटणारा अंगठा ही त्या काळच्या कुणब्याची एकमेव सही होती, आणि ती त्याच्याच गळ्याला फास लावत होती.

जलशात लेखकाचे नाव छापलेले नसे, पण बोलणारा समोर उभा असे. त्याचे गाव माहीत, भावकी माहीत, सोयरीक माहीत. भलतेच बोलला तर श्रोत्यांतून तिथल्या तिथे उत्तर येई, कधी दगडही येई. हीसुद्धा एक प्रकारची सहीच. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात कुळांनी ब्राह्मण जमीनदारांच्या जमिनी कसायला नकार दिला, पुरोहितांवर बहिष्कार पडले, काही ठिकाणी दांडगाईही झाली. या उठावाच्या मागे जलशांचा वाटा होता, हे गेल ऑमव्हेट यांनी आपल्या संशोधनातून मांडले. अमेरिकेत जन्मलेल्या या बाई पुढे वाळवा तालुक्यातील कासेगावच्या झाल्या आणि २०२१ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. आमच्या विद्यापीठांना जे जलसे अभ्यासाला घेण्याजोगे वाटले नव्हते, ते त्यांनी घेतले. जलशांचे गोडवे गाताना एक मात्र लपवू नये. त्यातली काही भाषा आज वाचवत नाही. जातीवरून जातीला शिवी देण्याचे जे कौशल्य आपल्या सार्वजनिक बोलण्यात आहे, त्याची तालीम दोन्ही बाजूंच्या पत्रांनी आणि फडांनी याच काळात केली.

आणि मताचा अधिकार? १९१९ च्या सुधारणांनी मुंबई कायदे कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या. पण मतदार व्हायचे तर ठरावीक सारा भरणारी जमीन हवी. रात्रभर जलसा ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे नाव यादीत होते. तोंड उघडले होते, पेटी अजून बंद होती.

*

आता एका वेगळ्या मुलखात जायला हवे, पण तो फार लांब नाही. कोरेगाव तालुक्यातील किन्हई हे औंधच्या पंतप्रतिनिधींचे मूळ गाव. त्यांच्या औंध संस्थानचे तुकडे सातारा, सोलापूर, विजापूर भागांत विखुरलेले होते. त्यातल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभा केला आणि किर्लोस्करवाडी वसवली. नांगर विकायचे तर शेतकऱ्याला नांगराची माहिती हवी. म्हणून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याचे बातमीपत्र, एवढाच तिचा जीव. पण शंकरराव किर्लोस्करांनी, म्हणजे शंवाकिंनी, तिच्यात हळूहळू नांगराशेजारी माणूस आणून बसवला. अंधश्रद्धा, बालविवाह, व्यायाम, उद्योग, स्त्रियांचे शिक्षण. १९२९ पासून नाव नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले तेव्हा सनातन्यांनी गहजब केला, मासिक डगमगले नाही.

या मासिकांचे कौतुक पुष्कळ झाले आहे, मी त्यात भर घालत नाही. मला त्यातले एकच दिसते. ‘स्त्री’मध्ये बायका स्वतःच्या नावाने लिहू लागल्या. सावकाराच्या दस्तावर नाही, नवऱ्याच्या नावाआडून नाही, आपल्या मताखाली आपले नाव. हे एका संस्थानी माळावर, कारखान्याच्या आवारात घडले. याचा पुढे उपयोग होईल, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

जानेवारी १९३९ मध्ये औंधात आणखी एक नवल झाले. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना जाहीर केली. गांधीजींचा सल्ला, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन उर्फ भारतानंद आणि राजपुत्र अप्पासाहेब यांचे कष्ट त्यामागे होते. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका, तालुक्यातून विधिमंडळ. हिंदुस्थानचे सार्वत्रिक मतदान तेव्हा बारा-तेरा वर्षे दूर होते. औंधची लोकशाही राजाने दिलेली होती हे खरे, आणि दिलेल्या वस्तूविषयी तोंड भरून तक्रार करणे अवघड असते हेही खरे. तरी औंध-आटपाडीच्या माणसाला भर पंचायतीत उठून आपल्या नावाने बोलण्याचा सराव झाला.

*

मग १९४२ आले. ‘करेंगे या मरेंगे’नंतर वर्तमानपत्रांवर निर्बंध आले, काही बंद पडली, ‘हरिजन’ थांबला. सप्टेंबरात सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ तारखेला तासगाव. ९ तारखेला वडूज. तिथे गोळीबारात नऊ माणसे पडली. १० तारखेला इस्लामपूर. तिथे पडलेल्यांत विष्णू बारपटे होते, आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंता उमाशंकर पंड्या होते. या मोर्च्यांत माणसे दिवसाउजेडी, तोंड न लपवता गेली होती. सहीचे मत याहून ठळक कसे करणार? त्याला उत्तर गोळीने मिळाले, आणि त्यानंतर चळवळ भूमिगत झाली.

प्रतिसरकारचा हा काळ आमच्या भागाच्या अभिमानाचा आहे, आणि तो अभिमान खोटा नाही. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, पांडू मास्तर, या माणसांनी तीन-चार वर्षे जिल्ह्याच्या मोठ्या भागात इंग्रजांचा अंमल नावापुरता ठेवला. दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, न्यायदान मंडळे चालवली, हुंडा-मानपानाशिवाय गांधीविवाह लावले. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने या काळाने एक फार मोठा बदल केला: मतावरची सही पुसली. छापील पत्र नाही, उघड सभा क्वचित. बातमी तोंडातोंडी फिरे. निरोप येई, तो कुणाचा ते विचारायचे नसे.

खुद्द ‘पत्री सरकार’ हे नाव पाहा. प्रतिसरकार या शब्दाचा लोकांच्या तोंडी अपभ्रंश झाला, आणि मग त्या अपभ्रंशाला अर्थ चिकटला: फितुरांच्या पायांना घोड्यासारख्या पत्र्या ठोकतात म्हणून पत्री. तळपायावर काठ्यांचा मार मिळे, हे खरे. घोड्याची नाल ठोकणे हा कथेचा भाग. पण कथेने काम केले. न छापलेल्या, न सही केलेल्या एका शब्दाने सावकार, गुंड आणि पोलिसांचे खबरे जितके घाबरले, तितके शंभर अग्रलेखांनी घाबरले नसते. मी लहानपणी म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकले ते ‘पत्री’च, ‘प्रतिसरकार’ हा शब्द मला पुस्तकातून कळला.

याच मुद्द्यावर गांधीजींचे आणि साताऱ्याचे जुळले नाही. १९४४ च्या मेमध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड्यावर येण्याचा सल्ला दिला. गुप्ततेत त्यांना हिंसेचेच बीज दिसे. जे करायचे ते नाव सांगून करा आणि त्याची शिक्षा भोगा, हे त्यांचे म्हणणे. साताऱ्यातील बहुतेक कार्यकर्त्यांनी हा सल्ला मानला नाही. नाव सांगितले तर फास आहे, आणि आपल्यामागे गावातल्या बायकापोरांचे हाल आहेत, हे त्यांना वडूज-इस्लामपूरने शिकवले होते. मी कितीदा तरी या वादाच्या दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. कार्यकर्त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण निनावी निरोपाची ताकद एकदा गावाने पाहिली की तो निरोप खरा कुणाचा, भाऊबंदकीतून आला की चळवळीतून, हे ओळखणे कठीण होते. खबऱ्या म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले गेले, त्याला बोट दाखवणारा कोण हे कळण्याचा मार्ग नव्हता. न्यायदान मंडळांनी दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवण्यावर भर दिला, तो मला म्हणूनच फार शहाणपणाचा वाटतो. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात पुन्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि भूमिगत उघड्यावर आले.

*

स्वातंत्र्यानंतर पेटी उघडली. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते. देशातले साक्षर शंभरात अठरा. म्हणून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर चिन्ह. कागदावर काही लिहायचे नाही, नुसता तो पेटीत टाकायचा. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर असे कुणी केले नव्हते, आणि ते करणाऱ्यांना मनापासून नमस्कार. पण मतदारयादी करताना काय घडले? देशभरात सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही; अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. गुप्त मत द्यायलासुद्धा आधी नाव लागते! ‘स्त्री’ मासिकातल्या लेखिकांची वर नोंद केली ती याचसाठी.

सहीच्या मताला यानंतर काही वर्षे मोठा बहर होता. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात अत्र्यांचा ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६ मध्ये निघाला आणि मोटारीच्या टपावरून खेड्यापर्यंत पोचला. १९५७ मध्ये साताऱ्याने नाना पाटलांना लोकसभेवर पाठवले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा वाईपासून घाटापर्यंत लोक काळी निशाणे घेऊन उभे होते. पंतप्रधान आणि विरोधक एकमेकांना दिसतील अशा अंतरावर, आणि गोळीबार नाही. वडूजनंतर पंधरा वर्षांनी हे याच जिल्ह्यात झाले, याचे श्रेय विरोधकांच्या शिस्तीला आहे तसे यशवंतराव चव्हाणांनाही आहे.

मग १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. कारखाने, बँका, सूतगिरण्या, शिक्षणसंस्था आल्या. त्यांनी केलेले भले मी नाकारत नाही. माझी फी त्यातल्याच एका संस्थेने माफ केली होती. पण त्यांच्याबरोबर खेड्यातल्या लेखनाचा एकच प्रकार फोफावला, तो म्हणजे अर्ज. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ इथे सुरुवात आणि ‘आपला विश्वासू’ इथे शेवट. अर्जावर सही असते, पण त्यात मत नसते, विनंती असते. ज्याच्याकडे अर्ज करायचा त्याच्याविषयी मत मांडायचे कसे? मत मांडायचे असेल तर निनावी अर्ज. सरकारी कचेऱ्यांत निनावी अर्ज दप्तरी दाखल करण्याची रीत आहे. तरी ते येत राहतात. १९८० च्या दशकात आमच्याकडे एसटी स्टँडजवळ खडूने लिहायचे वार्ताफलक असत. कोणत्या तरुण मंडळाचा फलक कोणत्या गटाचा, ते सगळ्यांना माहीत. त्यावर टोमणा लिहिला की संध्याकाळपर्यंत दुसऱ्या फलकावर उत्तर. भांडणे होत, पण अक्षर कुणाचे ते गाव ओळखत असे. त्या जागी आता वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत. त्यांवर नावे आणि फोटो पन्नास, मजकूर शून्य. आणि मोबाइलवर मजकूर रग्गड, खाली ‘जसे आले तसे पाठवले’.

सहीच्या मताचा सर्वांत शांतपणे अंत कुठे होतो, ते पाहायचे तर ग्रामपंचायतीची इतिवृत्ते पाहावीत. मी आमच्या तालुक्यातल्या काही गावांची जुनी वह्या-रजिस्टरे चाळली आहेत. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. पान उलटा, पुन्हा सर्वानुमते. ज्या सभेत डोकी फुटल्याचे अख्ख्या गावाला आठवते, तीही सभा कागदावर सर्वानुमते. सरपंचांना विचारले तर म्हणतात, विरोध नोंदवला की काम अडते, वर शंका घेतात. त्यांचे चूक नाही. पण या एका शब्दात दोन-तीन पिढ्यांची मते गडप झाली आहेत. ज्याने विरोध केला त्याचे नाव नाही, त्याचे कारण नाही, आणि वीस वर्षांनी तोच बरोबर ठरला तर त्याला सांगायला पुरावा नाही.

माहितीच्या अधिकाराने यात थोडा फरक पडला. राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावायचे, आपले नाव-पत्ता लिहायचा आणि विचारायचे: या रस्त्यावर किती खर्च झाला? हा अर्ज आहे, पण विनंतीचा नाही. त्यात मत दडलेले असते, आणि खाली सही असते. त्या सहीची किंमतही तशीच जुनी आहे. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी जमिनीचे व्यवहार असेच नावानिशी विचारत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असता त्यांची हत्या झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवर मुंबई बंदविषयी दोन ओळी लिहिल्याबद्दल आणि त्या आवडल्याबद्दल अटक झाली. त्यांनी नाव लपवले नव्हते, म्हणूनच पोलीस घरी पोचले. त्या अटकेतून सुरू झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम रद्द केले, आणि मत मांडणे व चिथावणी देणे यांत फरक करावा लागेल असे सांगितले. इस्लामपूरच्या ‘प्रतोद’पुढे रानडे ज्या फरकाशी झगडत होते, त्याच्याच जवळपासचा हा फरक. मध्ये ११८ वर्षे गेली.

त्या रजिस्टरांपैकी एकात मला एक वेगळे पान मिळाले. गावाचे नाव देत नाही, कारण दोन्ही घरे अजून नांदती आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतरची सभा, विषय पाझर तलावाच्या जागेचा. ठराव नेहमीसारखा लिहिलेला आहे, पण ‘सर्वानुमते’ लिहून खोडले आहे. वर वेगळ्या शाईने ‘बहुमताने’. खाली दोन ओळी: सदर जागेत पाणी थांबणार नाही, खाली मुरूम आहे, सबब आमचा विरोध. पुढे दोघांची नावे. एकाची वळणदार सही, दुसऱ्याचा अंगठा. तलाव ठरल्या जागीच झाला. मी तो गेल्या मार्चमध्ये पाहून आलो. त्यात मुले क्रिकेट खेळत होती.